पारोळ्याहून ॲब्सर्ड : मराठी नाट्यसमीक्षेचा एक आढावा

मराठीत ॲब्सर्ड नाटकं जितकी झाली त्याहून जास्त त्यांच्यावर लिहिलं गेलं, असं थट्टेनं म्हणायची पद्धत आहे. थट्टेत तथ्य आहे, आणि आमच्यासारख्या गावातल्या वाचकाला ते जरा जास्तच जाणवतं. पारोळा हे धुळे-जळगाव रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. झाशीच्या नेवाळकरांच्या जहागिरीतला किल्ला, बालाजीचा रथ, कापूस आणि जिनिंग ही त्याची ओळख. नाटक म्हणजे गणपतीतलं, शाळेच्या गॅदरिंगमधलं, नाहीतर जत्रेतला तमाशा. दादरच्या छबिलदास शाळेत किंवा पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात सत्तरच्या दशकात जे घडत होतं ते आमच्यापर्यंत आलं कागदावरून. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण, मासिकातला लेख, वाचनालयातलं पुठ्ठा सुटलेलं पुस्तक. नाटक न बघता नाट्यसमीक्षा वाचणारी जमात आमची.

अशा वाचकाची समीक्षकाकडून अपेक्षा साधी असते. हे वाचून मला नाटक दिसलं पाहिजे. नट कुठे उभा होता, प्रेक्षक कुठे हसले, कुठे चुळबुळले, शेवटी टाळ्या लगेच पडल्या की लोक क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले, हे कळलं पाहिजे. या मापानं गेल्या साठेक वर्षांतलं मराठी लेखन पुन्हा चाळलं तर एक गोष्ट ठळक दिसते. आपल्या समीक्षेनं ॲब्सर्ड नाटकाला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे, ‘तू आलास कुठून?’ तू इथे काय करतोस, लोक तुला बघून का हसतात, हे विचारणारे थोडे.

आता मुळात ही ॲब्सर्ड रंगभूमी नाटककारांनी काढलेली चळवळ नव्हेच. ती एका समीक्षकानं बांधलेली मोट आहे. मार्टिन एस्लिन हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला, व्हिएन्नात वाढलेला, 1938 मध्ये नाझींमुळे देश सोडावा लागलेला माणूस. पुढे बीबीसीच्या रेडिओ नाट्यविभागाचा तो प्रमुख झाला. 1961 मध्ये ‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ हे त्याचं पुस्तक आलं. फ्रेंचमध्ये लिहिणारा आयरिश बेकेट, रुमानियाहून आलेला आयनेस्को, रशियात जन्मलेला अदामोव आणि तुरुंगाच्या वाऱ्या केलेला जेने यांना त्यानं एका ओळीत बसवलं. या चौघांनी कधी एकत्र बसून जाहीरनामा काढलेला नव्हता. नाव कामूच्या 1942 च्या ‘सिसिफसची मिथ’मधून आलं, आणि चिकटलं ते कायमचं.

पण एस्लिनचं पुस्तक व्याख्येनं सुरू होत नाही, हे आपल्याकडे फारसं कुणी ध्यानात घेतलेलं दिसत नाही. ते सुरू होतं तुरुंगात. 19 नोव्हेंबर 1957 ला कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे चौदाशे कैद्यांपुढे ‘वेटिंग फॉर गोदो’चा प्रयोग झाला. सान फ्रान्सिस्कोच्या नाटकमंडळींना धास्ती होती, कारण पॅरिस-लंडनच्या शिकलेल्या प्रेक्षकांनीही या नाटकापुढे हात टेकले होते. कैद्यांना ते सरळ कळलं. वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. एस्लिन आपला सगळा विचार या प्रेक्षकापासून उभा करतो. आपण त्याच्याकडून व्याख्या तेवढी घेतली आणि तुरुंग त्याच्याकडेच ठेवला.

युरोपातल्या समीक्षेचे आणखी दोन प्रसंग इथे सांगण्यासारखे आहेत, कारण तेच वाद आपल्याकडे पुढे निराळ्या कपड्यांत आले. 1958 च्या मे महिन्यात लंडनमध्ये पिंटरचं ‘द बर्थडे पार्टी’ आलं आणि आठवड्यात बंद पडलं. रोजच्या वर्तमानपत्रांनी त्याची सालटी काढली होती. ‘संडे टाइम्स’मध्ये हॅरल्ड हॉब्सननं त्याची मुक्तकंठानं स्तुती केली, पण ती रविवारी छापून आली तोवर पडदा कायमचा पडला होता. त्याच उन्हाळ्यात केनेथ टायनन आणि आयनेस्को यांची ‘ऑब्झर्व्हर’मध्ये जुंपली. निमित्त होतं ‘द चेअर्स’. टायननचं म्हणणं असं की माणसामाणसांत काही संवादच होऊ शकत नाही असं सांगणारं नाटक म्हणजे पुढे रस्ता नसलेली गल्ली. नाटकानं जगाशी, राजकारणाशी नातं ठेवलं पाहिजे. आयनेस्को म्हणाला, कुठल्याही विचारसरणीचा निरोप पोचवणं हे नाटकाचं काम नव्हे. वाद मिटला नाही. असे वाद मिटायचे नसतातच.

मराठीत हे वारं आलं ते ‘रंगायन’च्या दारानं. 1960 मध्ये विजया मेहता, अरविंद देशपांडे, विजय तेंडुलकर, श्रीराम लागू अशा मंडळींनी ही संस्था काढली. आयनेस्कोचं तेच ‘द चेअर्स’ रंगायननं ‘खुर्च्या’ या नावानं केलं. एक म्हातारा आणि एक म्हातारी. न दिसणारे पाहुणे येत राहतात, ही दोघं त्यांच्यासाठी खुर्च्या आणत राहतात, आणि बघता बघता रंगमंच रिकाम्या खुर्च्यांनी भरून जातो. 1966 मध्ये खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ आलं. 1967 मध्ये महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त छापून आली आणि विजयाबाईंनी या नव्या लेखकाला हाताशी धरलं. 1971 मध्ये ‘आविष्कार’ निघाली. 1974 पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकाला स्वतःचं घर मिळालं. अच्युत वझ्यांचं ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’, सदानंद रेग्यांचं ‘गोची’, एलकुंचवारांचं ‘गार्बो’, दिलीप जगतापांचं ‘एक अंडं फुटलं’, वृंदावन दंडवत्यांचं लेखन, ही सगळी नावं त्या आसपासची. पुढे श्याम मनोहरांचं ‘यकृत’, शफाअत खानांचं ‘मुंबईचे कावळे’. या सगळ्यांवर एकच शिक्का मारला गेला. ही नाटकं एकमेकांसारखी मुळीच नाहीत, पण शिक्क्याला त्याचं काय.

समीक्षकांत पहिलं नाव घ्यायचं ते माधव मनोहरांचं. 1911 ते 1994 असं दीर्घ आयुष्य, आणि इंग्रजी व युरोपीय नाटकांचं वाचन असं की त्या काळच्या मुंबईत त्यांच्या तोडीचा दुसरा सापडला नसता. ग. वा. बेहेऱ्यांच्या ‘सोबत’मधलं त्यांचं लेखन आमच्या गावातही चवीनं वाचलं जाई. मराठी नाटक पाहिलं की ते कोणत्या परदेशी नाटकावरून उचललंय हे ते सांगत. नाटककार त्यांना वचकून असत. एका अर्थानं हे मोठं काम होतं. रूपांतर करून मूळ लेखकाचं नाव गिळून टाकायची आपली खोड जुनी, आणि तिला चाप लावणारा कुणी तरी हवाच होता.

मात्र या पद्धतीची एक गोची आहे. देवलांचा ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून आला आणि ‘संशयकल्लोळ’ही परक्या मुळावर उभा आहे, हे कळल्यानं ‘संशयकल्लोळ’ मराठी माणसाच्या इतकं हाडीमासी का खिळलं याचं उत्तर मिळत नाही. फाल्गुनराव आपलाच वाटतो, कारण त्याचा संशय आपल्या वाड्यात, आपल्या गड्यासमोर, आपल्या पदांतून व्यक्त होतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 च्या डिसेंबरात आलं तेव्हा ड्यूरेनमाटच्या ‘दी पान्ने’ या कथेशी त्याची तुलना झालीच. लुटुपुटीचा खटला दोन्हीकडे आहे. पण बेणारे बाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी ती माणसं, त्यांचे पान खाण्याचे, टोमणे मारण्याचे, बाईच्या पोटातल्या मुलावर अधिकारवाणीनं बोलण्याचे ढंग, हे सगळं दादर-पार्ल्यातलंच आहे. मूळ शोधणारी समीक्षा दारापर्यंत आणून सोडते. घरात काय चाललंय ते वाचकानं आपलं आपण बघायचं. आम्हा खानदेशातल्या वाचकांना तर घरही दिसलेलं नसे, त्यामुळे दाराचीच वर्णनं पाठ झाली.

ज्ञानेश्वर नाडकर्णी चित्रकला आणि नाटक या दोन्हींचे समीक्षक. त्यांच्या लेखनात रंगमंचाची दृश्य बाजू थोडी तरी येते. कमलाकर नाडकर्णींची परीक्षणं चटकदार आणि फटकळ. ती वाचताना मजा यायची आणि प्रयोगाचा अंदाजही यायचा. दैनिकाच्या परीक्षणाकडून याहून जास्त मागू नये. वि. भा. देशपांड्यांनी ‘मराठी नाट्यकोश’ करून जे गोळा केलं त्याचा उपयोग आजही होतो, पण कोश हा कोश असतो.

पुष्पाबाई भाव्यांचं मात्र वेगळं. रुईया कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, रस्त्यावरच्या लढ्यांतही उतरणाऱ्या पुष्पाबाई नाटक बघताना त्याचा प्रेक्षक कोण आहे हे विसरत नसत. ‘रंग नाटकाचे’ या पुस्तकातले लेख वाचले की जाणवतं, त्यांना नाटकाच्या जातकुळीपेक्षा त्याच्या नियतीत रस आहे. 2020 मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या सामाजिक कामावर पानंच्या पानं लिहून आली आणि नाट्यसमीक्षेवर चार ओळी. हे आपल्या रिवाजाला धरूनच झालं.

‘आपल्याकडे ॲब्सर्ड उसनं आहे’ असं म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा साधारण असा असे. युरोपनं दोन महायुद्धं पाहिली, छळछावण्या पाहिल्या, देव मेल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडे देव गल्लोगल्ली जिवंत आहे, मग आपल्याला हे निरर्थकतेचं दुखणं कुठलं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडायला गेलेली शेतकऱ्याची पोरं पाहिली, त्यांना अर्थ हरवायला हिरोशिमा लागलं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, रेशनची रांग, 1974 चा रेल्वेसंप, मग 1975 ची आणीबाणी. चाळीतल्या कारकुनाच्या आयुष्यात पुरेसा ॲब्सर्डपणा होता. फरक एवढाच की तो हरिपाठ म्हणत जगत होता. हा हरिपाठ हेच मराठी ॲब्सर्डचं वेगळेपण. ते ज्या नाटकानं दाखवलं त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’चा पहिला प्रयोग 22 नोव्हेंबर 1974 ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात ‘थिएटर ॲकॅडमी’नं केला. चाळीतले भाऊराव मरतात आणि मेल्यावर कीर्तन सुरू करतात. स्वतःच्या मरणाचं आख्यान स्वतःच लावतात. त्यांचा हट्ट एवढाच की मला जुन्या स्मशानात जाळा. ते स्मशान बंद झालेलं, नवं सोयीचं झालेलं. प्रेत घरात पडून, मुलगा नाना गोंधळलेला, बायको रमा रडता रडता शेजाऱ्यांच्या रांगेतल्या डावीकडून तिसऱ्याकडे ओढली गेलेली. प्रेत कुजायला लागतं, माश्या घोंघावतात, आणि तरी टाळ-चिपळ्यांचा ठेका चुकत नाही. प्रेक्षक हसतात. बाप मेलेल्या घरात, बापाच्याच कीर्तनाला हसतात. मराठी माणसानं लहानपणापासून देवळात कीर्तन ऐकलेलं असतं. पूर्वरंग, उत्तररंग, बुवांचं मध्येच खाली येऊन लोकांशी बोलणं, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे भाऊरावांनी गजर सुरू केला की प्रेक्षकाचं मन आपसूक मान डोलावतं, आणि पुढच्याच क्षणी आपण कशाला मान डोलावली हे त्याच्या ध्यानात येतं. बेकेटच्या रिकाम्या माळावर हे होणार नाही. तिथे विधीच उरलेला नाही. इथे विधी सगळा शिल्लक आहे, आतला माणूस तेवढा मेलाय.

‘महानिर्वाण’वर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आणि त्यातलं बरंचसं चांगलं आहे. या एका नाटकानं आपल्या समीक्षेला तिच्या सवयीतून बाहेर खेचलं, कारण ‘हे कशावरून घेतलं’ या प्रश्नाला त्यात जागाच नव्हती. समीक्षकांना कीर्तनाबद्दल बोलणं भाग पडलं, चाळीबद्दल, दहाव्या-तेराव्याबद्दल बोलणं भाग पडलं. 1979 च्या ‘बेगम बर्वे’नं तेच काम नाट्यसंगीताच्या बाबतीत केलं. संगीत नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीपार्टी केलेले, आता उदबत्त्या विकणारे बर्वे; जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून; त्यांच्या स्वप्नातल्या नलावडेबाई होऊन बसणारे तेच बर्वे. बालगंधर्वांच्या काळाची हळहळ मराठी मनात इतकी खोल रुतलेली की त्या पदांच्या एका लकेरीवर प्रेक्षकाचा घसा दाटतो, आणि नाटक त्याच क्षणी ती हळहळ किती पोकळ आहे तेही दाखवून टाकतं. ‘महानिर्वाण’ गौरी देशपांड्यांनी इंग्रजीत नेलं, ‘बेगम बर्वे’ शांता गोखल्यांनी. परदेशातून आलं म्हणून ज्या नाट्यप्रकाराची हेटाळणी झाली, त्याच खात्यातली ही नाटकं उलट दिशेनं निघाली.

तरी या लेखनातही एक उणीव सलते. कीर्तनाच्या ‘वापरा’वर लिहिणारे भरपूर, पण चंद्रकांत काळ्यांनी गजर कुठल्या पट्टीत घेतला, नानानं कुठे गप्प राहायचं ठरवलं, हशा नेमका कोणत्या वाक्यावर फुटायचा आणि पुण्याबाहेर तो त्याच वाक्यावर फुटायचा का, याच्या नोंदी विखुरलेल्या आठवणींत सापडतात. परीक्षणांत त्या क्वचितच.

टायनन-आयनेस्को वादाचा मराठी अवतार आपल्याकडे डाव्या आणि दलित विचारवंतांनी उभा केला. निरर्थकतेचं दुःख ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असा तो आक्षेप. त्यात दम आहे. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका यासाठी पुन्हा वाचावी. दोन पात्रं, जवळजवळ मोकळा रंगमंच, सरळ कथा नाही, भूमिका बदलत जाणारा खेळ. कागदावर बघितलं तर ॲब्सर्डच्या सगळ्या खुणा जुळतात. पण इथे माणसं ज्याची वाट बघतात ते पाणी आहे, ते का मिळत नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि प्रेक्षकालाही ठाऊक आहे. गोदो का येत नाही याचं उत्तर नसतं. पाणी का मिळत नाही याचं उत्तर गावाच्या वेशीवर लिहिलेलं असतं. एकाच साच्यातून एक नाटक अर्थाच्या अभावाकडे जातं आणि दुसरं अर्थाच्या नेमक्या मारेकऱ्याकडे बोट दाखवतं. ही एकांकिका गावोगावच्या हौशी मंडळांनी असंख्य वेळा केली. मी तिच्यावर वाचलेल्या लेखांत दलित रंगभूमीचा धागा आहे, क्वचित ॲब्सर्डचाही आहे. दोन्ही एकत्र धरून लिहिलेलं काही अजून माझ्या वाचनात आलेलं नाही. समीक्षेचे कप्पे पक्के असले की असं होतं.

गो. पु. देशपांड्यांनी ‘नाटकी निबंध’मध्ये नाटक आणि राजकीय विचार यांचं नातं जितक्या गांभीर्यानं तपासलं तितकं फार कमी जणांनी. स्वतः ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे लेखक; वाद घालणारी, विचार करणारी पात्रं त्यांना प्रिय. तिथे ॲब्सर्डला आपुलकीनं बसायला खुर्ची मिळणं अवघडच.

शांता गोखल्यांचं ‘प्लेराइट ॲट द सेंटर’ 2000 मध्ये आलं. 1843 पासूनच्या मराठी नाटकाचा इतका सलग आणि वाचनीय इतिहास मराठीतही नाही, हे कबूल करायला आपल्याला थोडं जड जातं. नावातच त्यांचा सिद्धांत आहे: मराठी रंगभूमीच्या मध्यभागी नाटककार बसलाय. माझ्या मते समीक्षकही त्याच्याच मांडीला मांडी लावून बसलाय; म्हणून आपल्याकडे संहितेवर पोथीसारखं भाष्य होतं आणि प्रयोग वाऱ्यावर. गोखलेबाईंनी पुढे छबिलदास आणि मुंबईतल्या इतर प्रायोगिक जागांच्या मौखिक आठवणींचं ‘द सीन्स वी मेड’ हे पुस्तक करून ती उणीव थोडीफार भरून काढली. पण तेही मुंबईपुरतं, आणि इंग्रजीत.

मकरंद साठ्यांचं ‘मराठी रंगभूमीच्या तीस रात्री’ (2011) हा या सगळ्यातला सगळ्यात धाडसी प्रकल्प. एक नाटककार आणि एक विदूषक रात्रीमागून रात्री बोलत बसतात आणि दीडशे वर्षांचा सामाजिक-राजकीय इतिहास उलगडतो. साठे स्वतः ‘चारशे कोटी विसरभोळे’सारख्या नाटकांचे लेखक, म्हणजे या गल्लीतले रहिवासी. नाटकात काय आलं यापेक्षा काय आलं नाही, कोणाचं जगणं रंगमंचाच्या उंबऱ्याबाहेर राहिलं, हे ते पुन्हा पुन्हा विचारतात. ॲब्सर्डकडे बघण्याची याहून प्रामाणिक रीत मराठीत दुसरी नाही असं माझं मत. तक्रार एकच. विदूषक इतका शहाणा आहे की तो फारसा विदूषकपणा करत नाही.

राजीव नाईकांचं नाट्यविचारावरचं लेखन काटेकोर, नाटकाची घडण आतून उसवून दाखवणारं. ते शांतपणे, पेन्सिल हातात घेऊन वाचावं. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात नाट्यकला शिकवलेले डॉ. सतीश पावडे यांनी ॲब्सर्ड थिएटर या विषयालाच मराठीत स्वतंत्र पुस्तक दिलं. मुंबई-पुण्याच्या बाहेर बसून हे काम झालं, ही मला त्यातली विशेष गोष्ट वाटते. विद्यापीठीय प्रबंधांबद्दल मात्र फार बोलण्यासारखं नाही. त्यांत एस्लिनच्या लक्षणांची यादी असते, प्रत्येक मराठी नाटक त्या यादीशी ताडलं जातं, आणि शेवटच्या प्रकरणात ‘अमुक नाटकात ॲब्सर्डची बहुतांश वैशिष्ट्ये आढळतात’ असा निकाल लागतो. नाटकानं परीक्षा दिली, पास झालं.

आता आमच्याकडचं. ॲब्सर्डवरच्या एकाही पुस्तकात खानदेश येत नाही, पण ॲब्सर्ड नाटक खानदेशात आलं नाही असं मुळीच नाही. ते आलं राज्य नाट्य स्पर्धेतून आणि कॉलेजांच्या एकांकिकांतून. त्याचं कारण तत्त्वज्ञानाचं नाही, खिशाचं आहे. दोन-तीन पात्रं, वाडा नको, दिवाणखाना नको, बायका मिळत नसतील तर बाईचं पात्रही नको. एक बाक, एक खोकं, एक दिवा यांवर प्रयोग उभा राहतो आणि सगळा लवाजमा एका जीपमध्ये मावतो. छबिलदासवाल्यांनी जी गरिबी भूमिका म्हणून पत्करली ती आमच्या हौशी मंडळांना जन्मापासून मिळालेली. समीक्षेत या गणिताचा हिशोब कुठेच नाही.

जळगाव केंद्रावर एका वर्षी पाहिलेला एक प्रयोग सांगतो. रंगमंचावर एक शिडी, तिच्यावर एक जण, खाली एक जण. खालचा विचारत राहतो, वरचा लांब बघून काहीतरी सांगत राहतो. कधी मोर्चा येतोय म्हणतो, कधी वरात, कधी ढग. खालच्याला वर चढायची परवानगी नाही. तिन्ही परीक्षक आपापल्या दिव्याखाली मान खाली घालून लिहीत होते. सभागृह अर्धंमुर्धं. पहिली पंधरा मिनिटं लोक खोकत होते. मग वरच्यानं ढग आल्याचं सांगितलं आणि खालच्यानं घाईघाईनं पाटी, घमेलं, डोक्यावरची टोपी असं जे हाती लागेल ते पालथं-उताणं मांडायला सुरुवात केली. सभागृह जे हसायला लागलं ते थांबेचना. वरचा ‘गेला’ म्हणाला तसं ते हसू एकदम तुटलं. जून-जुलैत आभाळाकडे बघत बसणाऱ्या माणसांचं हसू होतं ते. बाहेर पडताना पुढे चाललेला एक जण सोबत्याला म्हणाला, “काय बी समजनं नही भाऊ, पन मजा उनी.”

दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी होती. नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, कलावंत, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत यांनी ‘समर्पक साथ’ दिल्याचं वाक्य, कोणकोण उपस्थित होते त्यांची नावं. ढग आला तेव्हा काय झालं याचा उल्लेख नाही. बातमीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला एका संध्याकाळी नाटक, अपघात आणि बाजारभाव तिन्ही द्यायचे असतात. पण त्या प्रयोगाची नोंद म्हणून उरली ती तेवढीच.

या भागाला नजर नाही असंही नाही. द. ग. गोडसे मूळचे जळगाव जिल्ह्यातल्या वढोद्याचे. चित्रकार, नेपथ्यकार आणि ‘पोत’सारखं पुस्तक लिहिणारे कलाचिंतक. वस्तूचा पोत, तिचं वजन, तिच्यावर पडणारा उजेड यांतून अर्थ कसा तयार होतो हे त्यांनी मराठीला शिकवलं. ॲब्सर्ड नाटक तर वस्तूंचंच नाटक. खुर्च्या, बूट, वाळकं झाड, कचऱ्याचे डबे, आमच्याकडची शिडी आणि घमेलं. गोडशांच्या डोळ्यांनी ॲब्सर्डकडे बघणारा समीक्षक मराठीत व्हायला हवा होता. झाला नाही. आपले समीक्षक मराठीच्या आणि इंग्रजीच्या वर्गांतून आले; चित्रशाळेतून आणि तालमीच्या खोलीतून आले असते तर या लेखाचा सूर निराळा राहिला असता.

दुसरी गोष्ट लोककलेची. वहीगायनात डफावरचं आख्यान मध्येच सोडून गायक समोरच्याची फिरकी घेतो आणि पुन्हा आख्यानाला लागतो. खानदेशी तमाशातला सोंगाड्या सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देत देत राजालाच निरुत्तर करतो, आणि रात्रभर चाललेल्या वगात कथेचं सूत्र कधीच सुटलेलं असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. या प्रेक्षकाला तुटक संवाद नवे नाहीत आणि गोष्ट नसलेलं नाटकही नवं नाही. ‘ग्रामीण प्रेक्षकाला ॲब्सर्ड झेपणार नाही’ हे वाक्य मी इतक्या लेखांत वाचलंय की त्याचा उगम शोधायला माधव मनोहरच हवेत. सॅन क्वेंटिनबद्दलही लोक प्रयोगाआधी हेच म्हणत होते.

मग आता करायचं काय? संहिता तरी शोधता येतील. राज्यात कुठलंही नाटक सार्वजनिकरीत्या करायचं तर त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी हे मंडळ सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या हौशी लेखकांनी लिहिलेली कितीतरी अनवट नाटकं शिक्के मारून सरकारदरबारी गेलेली असणार. ज्यांनी ती केली ते नट आता साठी-सत्तरीत आहेत. कुणी शिक्षक म्हणून निवृत्त झालाय, कुणी एस.टी.त होता, कुणाचं कपड्याचं दुकान आहे. त्यांच्याकडे तालमीच्या वह्या आहेत, पिवळे पडलेले फोटो आहेत, आणि कुठल्या वाक्यावर हशा आला ते त्यांना तोंडपाठ आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात शतकांपूर्वीची दप्तरं रुमालात बांधून जपलेली आहेत. त्याच जिल्ह्यांत चाळीस वर्षांपूर्वी झालेल्या प्रयोगाचा कागद मात्र मिळत नाही. जळगावच्या विद्यापीठात एखाद्या विद्यार्थ्यानं एस्लिनची यादी बाजूला ठेवून ही माणसं गाठली, त्यांच्याकडून प्रयोग वाक्यावाक्यानं काढून घेतले, कुठल्या गावात कोण हसलं आणि कोण उठून गेलं ते लिहून ठेवलं, तर मराठी ॲब्सर्डवरच्या पुढच्या पुस्तकात मुंबई-पुण्याबाहेरचं पहिलं प्रकरण येईल. नट अजून आहेत तोवरच ते होण्यासारखं आहे.